घरच्या वस्तूंची उलटतपासणी : लॉरेल थॅचर उलरिक यांच्या इतिहासलेखनाविषयी

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न इथे हेन्री फोर्ड यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तिथे एक जुने लाकडी कपाट ठेवलेले आहे. त्याच्या दर्शनी भागावर वेलबुट्टी रंगवलेली आहे आणि त्या वेलबुट्टीत, लांबूनही वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत, एका बाईचे नाव आहे: हॅना बर्नार्ड. कपाट १७१५ च्या सुमाराचे, मॅसॅच्युसेट्समधल्या कनेटिकट नदीकाठच्या हॅडली गावातले. हॅनाचे लग्न १७१५ साली जॉन मार्श याच्याशी झाले. दोन वर्षांतच एक तान्ही मुलगी मागे ठेवून ती वारली.

एरवी संग्रहालयाच्या नोंदवहीत अशा कपाटाची हकिगत दोन ओळींत आटोपते. लाकूड कोणते, घडण कुठल्या धाटणीची, रंग मूळचा की नंतरचा. लॉरेल थॅचर उलरिक यांनी त्याला वेगळाच प्रश्न विचारला: हे नाव इथे का? त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याहून वेगळे असे कायदेशीर अस्तित्व नव्हते. बापाचे स्थावर, म्हणजे जमीन आणि घर, मुलग्यांकडे जाई. मुलींच्या वाट्याला जंगम येई: कपाटे, पेट्या, अंथरूण-पांघरूण, भांडी, एखादी गाय. हे आंदण घेऊन मुलगी सासरी गेली की कायद्याने तेही नवऱ्याचेच होई. तिचे आडनावही जाई. अशा जगात एका मुलीचे माहेरचे पूर्ण नाव तिच्या कपाटावर रंगवले गेले. पुढे ते कपाट तिच्या मुलीकडे, ॲबिगेलकडे आले आणि ॲबिगेलने आपल्या लेकीचे नाव ठेवले हॅना बर्नार्ड हेस्टिंग्ज. आजीचे नाव आणि आजीच्या माहेरचे आडनाव, दोन्ही नातीला मिळाले. कपाटही त्याच वाटेने पुढे सरकले. जमिनीच्या दस्तांत कितीही शोधले तरी बायकांची ही वंशावळ हाती लागत नाही. ती एका फर्निचरच्या तुकड्यावर मात्र स्वच्छ लिहिलेली आहे.

अमेरिकेचा सांस्कृतिक इतिहास आणि भौतिक संस्कृती, म्हणजे माणसांनी केलेल्या, वापरलेल्या, जपलेल्या वस्तूंचा अभ्यास, या दोन वाटा एकत्र आणणाऱ्या इतिहासकारांमध्ये उलरिक यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या कामाची मराठी वाचकाला ओळख करून द्यायची तर नुसती पुस्तकांची नावे सांगून भागत नाही. त्यांची नजर कशी काम करते ते दाखवावे लागते. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

जुन्या वस्तूंवर प्रेम करणारी माणसे पुष्कळ असतात. उलरिक वस्तूवर जीव लावतात आणि तिच्यावर विश्वास मात्र सहजासहजी ठेवत नाहीत. घराण्यात जपलेली वस्तू कधी एकटी येत नाही. तिच्याबरोबर कुणीतरी सांगितलेली गोष्ट येते, आणि ती गोष्ट बहुधा वस्तूपेक्षा वयाने बरीच लहान असते. वस्तू कुणी, कशी, कशासाठी केली हे शोधणे हे त्यांच्या लेखी निम्मे काम. ती कुणी जपली, का जपली आणि जपता जपता काय विसरले गेले, हे उरलेले निम्मे. या दुसऱ्या निम्म्यामुळे त्यांचे लेखन गतकाळाच्या हळव्या आठवणींत विरघळून जात नाही. माझ्या मते त्यांचे सगळ्यात मोठे देणे हेच आहे.

उलरिक यांचा जन्म ११ जुलै १९३८ रोजी आयडाहो राज्यातल्या शुगर सिटी नावाच्या गावी झाला. बीटपासून साखर काढणाऱ्या कारखान्याभोवती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसलेले हे गाव. घराणे मॉर्मन पंथाचे. पूर्वज त्या पंथाच्या सुरुवातीच्या स्थलांतरितांपैकी. १९६० साली त्या युटा विद्यापीठातून इंग्रजी आणि पत्रकारिता घेऊन पदवीधर झाल्या. लग्न आधीच झालेले होते. पतीच्या शिक्षणासाठी बोस्टनला आल्या, १९७१ मध्ये सिमन्स महाविद्यालयातून इंग्रजीत एम. ए. केले, आणि पती न्यू हॅम्पशर विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकी शिकवू लागल्यावर त्याच विद्यापीठात इतिहासाच्या पीएच.डी.साठी नाव घातले. पाच मुलांचे संगोपन करत ती पदवी १९८० साली मिळाली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. इतिहासाचा विषय त्यांनी निवडला तोही राहत्या जागेच्या आसपासचा: उत्तर न्यू इंग्लंड, वसाहतकाळ, आणि तिथल्या घरोघरच्या बायका.

घरकाम आणि संशोधन यांची ही सांगड त्यांच्या लेखनात जागोजाग जाणवते. वसाहतकाळातल्या बाईचा दिवस कसा मोडत असे, चुलीवर एक, पाळण्यात एक आणि अंगणात एक अशी तीन कामे एका वेळी कशी चालत, हे त्यांना ग्रंथालयात बसून शिकावे लागले नाही. बोस्टनमध्ये असताना चर्चमधल्या मैत्रिणींबरोबर त्यांनी शहराची एक मार्गदर्शिका काढली. पुढे १९७४ मध्ये ‘एक्स्पोनंट टू’ हे मॉर्मन स्त्रियांचे नियतकालिक सुरू करण्यात त्यांचा वाटा होता. श्रद्धा आणि स्त्रीवाद या दोहोंपैकी एकाची निवड करण्याची गरज त्यांना कधी भासली नाही. त्याचे फळ शेवटच्या मोठ्या पुस्तकात दिसते. त्याकडे पुढे येऊ.

‘गुड वाइव्ह्ज’ हे पहिले पुस्तक १९८२ चे. त्यात १६५० ते १७५० या शंभर वर्षांतल्या उत्तर न्यू इंग्लंडमधल्या स्त्रियांची आयुष्ये आहेत. या स्त्रियांनी स्वतः लिहिलेले जवळजवळ काहीच हाती नव्हते. त्यामुळे उलरिक यांनी एका रूक्ष साधनाकडे मोर्चा वळवला. माणूस मेला की त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची यादी न्यायालयात दाखल होई. शेजारचे दोन-तीन प्रतिष्ठित पुरुष खोलीखोलीतून फिरत आणि दिसेल ते लिहून त्यापुढे किंमत मांडत. कर्त्या पुरुषाची मालमत्ता म्हणून केलेली ही यादी उलरिक यांनी त्याच्या बायकोच्या कामाचा नकाशा म्हणून वाचली. न्यूबरीच्या बीअट्रिस प्लमरच्या घरात दुधदुभत्याची, खारवलेल्या मांसाची आणि भाकरी भाजण्याची सामग्री आहे, म्हणजे तिचा दिवस कशात जात होता ते कळते. सेलम बंदरातल्या हॅना ग्राफ्टनच्या घरालाच नवऱ्याचे दुकान लागून आहे, म्हणजे तो समुद्रावर असताना गिऱ्हाईक कोण सांभाळत असेल तेही कळते. नवरा नसताना त्याचे व्यवहार त्याच्या नावाने बायको पाहते, ही गोष्ट त्या समाजाला मुळीच वावगी वाटत नव्हती. अधिकार पुरुषाचा, पण गरज पडली की तो बाईच्या हातून चाले. आज्ञाधारक गृहिणी आणि बंडखोर स्त्री अशा दोनच साच्यांत जुन्या काळच्या बायकांना बसवणाऱ्यांना या पुस्तकाने बराच विचार करायला लावला.

आता ज्या ग्रंथामुळे त्यांचे नाव अमेरिकेत घरोघर पोहोचले त्याविषयी: ‘अ मिडवाइफ्स टेल’, १९९०.

मेन हा आज स्वतंत्र राज्याचा मुलूख आहे. अठराव्या शतकात तो मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. तिथे केनेबेक नदीकाठी हॅलोवेल नावाच्या वस्तीत मार्था बॅलर्ड ही सुईण राहत होती. जन्म १७३५ चा. नवरा एफ्राइम जमिनीची मोजणी करी आणि गिरण्या चालवी. १७६९ साली घटसर्पाच्या साथीत त्यांच्या तीन मुली थोड्याच दिवसांत गेल्या होत्या. मार्थाने १ जानेवारी १७८५ रोजी रोजनिशी लिहायला सुरुवात केली तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. शेवटची नोंद ७ मे १८१२ ची. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती वारली. सत्तावीस वर्षे, जवळपास दहा हजार दिवस, आणि ८१६ बाळंतपणे.

नोंदी अगदी तुटक आहेत. हवा कशी होती, कुणाकडे गेले, कोण घरी आले, काय पेरले, काय विणले, कुणी किती दिले. प्रत्येक बाळंतपणाला समासात क्रमांक, आणि मोबदला मिळाला की दोन फुल्यांची खूण. बहुतेक वेळा सहा शिलिंग, नाहीतर तेवढ्या किमतीचा माल. ही वही घराण्यात राहिली आणि पुढे मार्थाच्या पणतीची मुलगी मेरी होबार्ट हिच्याकडे आली. ती स्वतः डॉक्टर होती. तिने १९३० साली ती मेनच्या सरकारी ग्रंथालयाला देऊन टाकली. अनेकांनी ती चाळली. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यातले सोयीचे उतारे घेतले. १९७० च्या दशकात सुईणींच्या इतिहासावर स्त्रीवादी दृष्टीने लिहिलेल्या ग्रंथातही ती घरकामाच्या किरकोळ तपशिलांनी भरलेली म्हणून बाजूला ठेवली गेली.

त्या किरकोळ तपशिलातच तिचे मोल आहे, हे उलरिक यांनी ओळखले. त्यांनी नोंदींचे तक्ते करून मोजदाद केली. कोणत्या महिन्यात किती वेळा नदी ओलांडली, सूत किती जणींनी कातले, माग घरात कधी आला, कोणत्या शेजारणीची मुलगी किती दिवस राहून काय शिकून गेली. त्यातून एक संपूर्ण अर्थव्यवस्था वर आली, जिचा गावातल्या पुरुषांच्या हिशेबवह्यांत मागमूसही नाही. पुरुष लाकूड, जमीन आणि दारू यांचे हिशेब लिहीत होते. त्याच गावात बायका कापड, लोणी, औषधी वनस्पती, कोंबड्या आणि एकमेकींच्या मुलींचे श्रम यांची देवघेव करत होत्या, आणि तिची नोंद या एका वहीत होती. मार्थाच्या मुलींची लग्ने होईपर्यंत तिच्या घरचा माग त्या चालवत, म्हणून तिला स्वतःला घर सोडून रात्री-अपरात्री बाळंतपणाला जाता येत होते. मुली सासरी गेल्या तसा तिचा सुईणपणाही कमी झाला. मागावरचे कापड आणि दाईचे कौशल्य यांचा हा संबंध एकेका नोंदीत दिसत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की दिसतो.

काही आकडे तर थक्क करतात. मार्थाने ज्यांचे पहिले बाळंतपण केले अशा १०६ स्त्रियांपैकी ४० जणींना लग्नाआधीच दिवस गेले होते. न्यू इंग्लंडच्या कडक धर्माचाराविषयीची रूढ कल्पना या आकड्यापुढे टिकत नाही. कायद्याप्रमाणे अविवाहित बाईला ऐन वेणांच्या वेळी बाळाच्या बापाचे नाव सुईणीने विचारायचे असे. त्या घडीला ती खोटे बोलणार नाही असे मानले जाई. १७९१ च्या ऑक्टोबरात मार्थाने सॅली पिअर्सला असे विचारले तेव्हा सॅलीने मार्थाच्याच मुलाचे, जोनाथनचे, नाव घेतले. मार्थाने ते जसेच्या तसे लिहून ठेवले. काही महिन्यांनी दोघांचे लग्न झाले आणि सून घरी आली. नोंदीत ना त्रागा, ना लाज. एका समाजाने अशी प्रकरणे निभावण्याची रीत ठरवून टाकलेली होती आणि त्या रीतीची चौकीदार ही सुईण होती, हे उलरिक फार हळुवारपणे उलगडतात.

रिबेका फॉस्टरचे प्रकरण मात्र काळजाला घरे पाडणारे आहे. ती धर्मोपदेशकाची बायको. १७८९ मध्ये तिने जोसेफ नॉर्थ या न्यायाधीशावर बलात्काराचा आरोप केला. तिने आधी मार्थाला विश्वासात घेतले होते आणि मार्थाने खटल्यात साक्ष दिली. नॉर्थ निर्दोष सुटला. गावाच्या छापील इतिहासाने या प्रकरणाची नीट दखल घेतली नाही. रोजनिशीत त्याचे तुकडे विखुरलेले राहिले. ते तुकडे, न्यायालयाचे कागद आणि हेन्री सेवॉल या गावकऱ्याची दुसरी रोजनिशी अशी एकमेकांसमोर ठेवून उलरिक यांनी ते प्रकरण पुन्हा उभे केले आहे. पुरावा जिथे संपतो तिथे त्याही थांबतात, आणि वाचकाला तसे बजावतात.

पुस्तकाची रचनाही मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रत्येक प्रकरण रोजनिशीतल्या सलग उताऱ्याने सुरू होते. वाचक आधी मार्थाच्या त्या कोरड्या ओळी वाचतो आणि त्याला त्यांत फारसे काही सापडत नाही. मग उलरिक त्या ओळी सोडवतात. परत मागे जाऊन उतारा वाचला की तोच मजकूर माणसांनी गजबजलेला वाटतो. या ग्रंथाला १९९१ साली पुलित्झर आणि बॅनक्रॉफ्ट असे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. दुसऱ्या वर्षी मॅकआर्थर फेलोशिप आली. १९९५ पासून २०१८ पर्यंत त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात शिकवले आणि २००९ मध्ये त्या अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या.

त्यांच्या एका वाक्याची हकिगतही इथे सांगायला हवी. १९७६ साली, विद्यार्थिदशेत, त्यांनी प्युरिटन धर्मोपदेशकांनी स्त्रियांविषयी केलेल्या अंत्यप्रवचनांवर एक निबंध लिहिला. सालस, देवभिरू बायकांची इतिहास दखल घेत नाही, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. पुढे ते शर्टांवर, कपांवर, गाड्यांच्या पाठीवर छापले गेले आणि त्याचा अर्थ झाला: बायांनो, बंड करा. मूळ निबंधात तक्रार इतिहासकारांविरुद्ध होती. निमूट जगलेल्या स्त्रियांकडे आपण पाहिलेच नाही, असे त्यांना म्हणायचे होते. २००७ मध्ये तेच वाक्य शीर्षक म्हणून घेऊन त्यांनी ‘वेल-बिहेव्ड विमेन सेल्डम मेक हिस्टरी’ हे पुस्तक लिहिले. ते वाचनीय आहे, पण त्यांच्या पहिल्या प्रतीच्या कामात मी त्याची गणना करणार नाही.

पहिल्या प्रतीचे, आणि माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वश्रेष्ठ, पुस्तक आहे ‘द एज ऑफ होमस्पन’, २००१ चे. ते समजून घ्यायचे तर अमेरिकेत जुन्या वस्तूंचे काय होत आले ते थोडे पाहायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, यंत्रयुग आणि स्थलांतरितांचे लोंढे यांनी जुनी घराणी अस्वस्थ झाली तेव्हा, न्यू इंग्लंडमध्ये चरखे, पाळणे, पितळी दिवे माळ्यांवरून खाली आले आणि गावोगावच्या इतिहास मंडळांत मांडले गेले. पुढे धनिक संग्राहक आले. डेलावेअरमध्ये हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांनी आपला विंटरथर वाडा जुन्या अमेरिकी फर्निचरने भरला आणि १९५१ मध्ये संग्रहालय म्हणून खुला केला. रॉकफेलर यांच्या पैशाने व्हर्जिनियात अख्खे विल्यम्सबर्ग गाव अठराव्या शतकात असल्यासारखे पुन्हा बांधले गेले. या साऱ्यात भर होता तो सुंदर वस्तूंवर आणि त्यांच्या मालकांवर. १९७० नंतर चित्र पालटले. पुरातत्त्वज्ञ जेम्स डीट्झ यांनी थडग्यांचे दगड, फुटक्या बशा आणि घरांचे पाये यांवरून सामान्यांची मनोरचना वाचायचा प्रयत्न केला. त्यांचे ‘इन स्मॉल थिंग्ज फरगॉटन’ १९७७ चे. येलच्या ज्यूल्स प्राउन यांनी वस्तू वाचण्याची एक शिस्तच घालून दिली: आधी वर्णन, मग अनुमान, मग तर्क. उलरिक या मंडळींकडून शिकल्या, पण त्यांनी संग्राहकांच्या हळवेपणाकडे पाठ फिरवली नाही. तो हळवेपणाही इतिहासाचे साधन आहे, असे त्यांनी धरले.

म्हणून ‘द एज ऑफ होमस्पन’ची सुरुवात वसाहतकाळात न होता १८५१ साली होते. कनेटिकटमधल्या लिचफील्ड परगण्याच्या शताब्दी सोहळ्यात होरेस बुशनेल या नामांकित धर्मोपदेशकाने भाषण केले. त्याचा विषय होता घरी कातलेल्या सुताचा जमाना. अनाम आज्या-पणज्यांनी चरख्यावर बसून हे राष्ट्र घडवले, असा त्याचा सूर होता. बुशनेल लोकर पिंजण्याच्या धंद्यातल्या घरात वाढलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात अनुभवाची ऊब होती. उलरिक त्याची टिंगल करत नाहीत. त्याने उभे केलेले ते रम्य चित्र त्या हातात घेतात आणि मग एकेक वस्तू समोर ठेवून त्याला प्रश्न विचारत जातात. परडी, चरखे, हॅना बर्नार्डचे कपाट, भरतकाम केलेले चित्र, सुताची लडी करायचे लाकडी साधन, लिननचा टेबलक्लॉथ, अशी प्रकरणे पुढे सरकतात आणि १८३७ च्या एका अर्धवट विणलेल्या मोज्याशी येऊन थांबतात.

पहिली वस्तू ऱ्होड आयलंडच्या इतिहास मंडळात असलेली एक छोटी परडी. तिच्याबरोबर आलेली गोष्ट अशी: १६७६ च्या युद्धात एक आदिवासी बाई गोऱ्यांच्या तटबंद घरी आली. घरच्या बाईने, डायना फेनरने, तिला दूध दिले. तिने नदीकाठी बसून झाडाच्या अंतर्साली आणि आपल्या घोंगडीचे धागे यांची परडी विणली आणि उपकाराची फेड म्हणून आणून दिली. गोष्ट गोड आहे. पण ते युद्ध कोणते? १६७५ च्या डिसेंबरात ऱ्होड आयलंडच्या दलदलीतल्या नॅरागॅन्सेट लोकांच्या तळावर वसाहतवाल्यांनी हल्ला करून बायकामुलांसह शेकडो माणसे मारली, आणि पुढच्या वसंतात आदिवासींनी प्रॉव्हिडन्स जाळले. अशा सालात एक बाई दूध मागायला दारी येते याचा अर्थ काय? उलरिक परडीची वीण, तिच्यातले धागे, तिच्यासारख्या इतर विणकामाचे अवशेष आणि फेनर घराण्याचे कागद तपासतात. परडी खरी आहे, कारागिरी अस्सल आहे, आणि ती करणाऱ्या बाईचे नाव कुणीही टिपून ठेवलेले नाही. युद्ध जिंकणाऱ्यांनी वस्तू जपली आणि जिंकण्याची हकिगत दुधाच्या वाटीत बुडवली. वस्तू आणि दंतकथा यांच्यामधली फट किती रुंद असू शकते हे या एका प्रकरणात जेवढे कळते तेवढे दहा ग्रंथांत कळणार नाही.

पुढे मेनमधल्या अबेनाकी जमातीच्या मॉली ऑकेटचे पाकीट येते. हेंप जातीच्या रानवनस्पतीच्या धाग्यात मूस हरणाच्या केसांची नक्षी गुंफून तिने ते ईलाय ट्विचेल या गोऱ्या वसाहतवाल्यासाठी केले. मॉली औषधपाणीही जाणत होती. तिच्या हातचे पाकीट कौतुकाने ठेवणाऱ्या माणसांच्या गावाखालची जमीन तिच्या लोकांची होती, ही गोष्ट उलरिक आवाज न चढवता सांगतात.

चरख्याच्या दंतकथेचेही असेच झाले. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये विणकाम हा मुख्यतः पुरुष कारागिरांचा धंदा होता, इंग्लंडमध्ये होता तसाच. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर माग घराघरांत शिरला आणि बायकांच्या हाती आला. बाजारातले कापड मिळत नव्हते म्हणून असे घडले, ही समजूत उलरिक खोडून काढतात. आयात कापडाचा व्यापार आणि घरचे विणकाम दोन्ही एकाच वेळी वाढत होते. बायका विकतची छिटे घेत होत्या आणि घरच्या चादरी विणत होत्या. १७६७ नंतर ब्रिटिश करांविरुद्ध बहिष्कार सुरू झाला तेव्हा गावोगावी बायका धर्मोपदेशकाच्या घरी जमून दिवसभर सूत कातू लागल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांना स्वातंत्र्याच्या कन्या म्हटले. चरख्याचे राजकारण आपल्याला परिचयाचे असल्यामुळे हे प्रकरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. उलरिक दाखवतात की यांतल्या कित्येक मेळाव्यांत राजकारणाइतकीच भक्ती आणि शेजारधर्म होता: कातलेले सूत त्या धर्मोपदेशकालाच भेट दिले जाई. त्यापुढे १७९० मध्ये पॉटकेटला स्लेटरची सूतगिरणी आली, आणि गिरणीचे सूत विणायला घरोघर दिले जाऊ लागले. हातमाग आणि गिरणी एकमेकांचे वैरी म्हणून सुरू झालेच नाहीत. काही वर्षांनी घरच्या मुली लोवेलच्या गिरण्यांत कामाला गेल्या आणि त्या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेत गुलाम पिकवत होते. बुशनेलच्या त्या उबदार चित्रात या गोष्टींना जागा नव्हती.

हार्वर्डमध्ये त्यांनी हीच पद्धत वर्गात आणली. विद्यापीठाच्या वेगवेगळ्या संग्रहालयांच्या कोठारांतून वस्तू बाहेर काढून त्यांनी सहकाऱ्यांसह अभ्यासक्रम आणि २०११ मध्ये प्रदर्शन केले. ‘टँजिबल थिंग्ज’ हे त्यावरचे पुस्तक २०१५ चे. त्यात वनस्पतिसंग्रहात जपून ठेवलेली, शतकाहून जुनी मेक्सिकन टॉर्टियाही आहे. मक्याची पोळी वनस्पतिशास्त्राच्या कपाटात का गेली आणि मानववंशशास्त्राच्या का नाही, एवढ्या प्रश्नातून ज्ञानाची कप्पेबंदी कशी झाली ते विद्यार्थ्यांना कळे. पुस्तकापेक्षा तो वर्ग अधिक समृद्ध असावा असे वाचताना वाटत राहते.

‘अ हाउस फुल ऑफ फीमेल्स’ (२०१७) हे पुस्तक उलरिक यांनी आपल्याच पंथाविषयी लिहिले. १८३५ ते १८७० या काळातल्या मॉर्मन स्त्रिया आणि बहुपत्नीकत्व हा त्याचा विषय. १८७० च्या जानेवारीत सॉल्ट लेक सिटीत हजारो बायकांनी सभा भरवून बहुपत्नीकत्वाविरुद्धच्या प्रस्तावित कायद्याचा निषेध केला, आणि पुढच्याच महिन्यात युटामधल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. या दोन गोष्टी एकाच समाजात कशा घडल्या? बाहेरच्यांनी या बायकांना गुलाम ठरवले होते आणि पंथाने त्यांना आदर्श. उलरिक दोन्ही निवाडे बाजूला ठेवून रोजनिश्या, पत्रे, सभांची टिपणे आणि १८५७ ची एक गोधडी पाहतात. सॉल्ट लेकच्या चौदाव्या वॉर्डातल्या बायकांनी एकेक चौकोन भरून ती जोडली होती. पुढे ती कापून तिचे दोन भाग केले गेले. चौकोनांवरच्या नक्षीत, निवडलेल्या शब्दांत आणि नावांत कोण कोणाच्या शेजारी आहे यावरून त्या स्त्रियांची आपसातली नाती दिसतात, ज्यांचा पुरुषांच्या रोजनिश्यांत पत्ता नाही. आपल्या पूर्वजांच्या बाबतीतही उलरिक यांनी उलटतपासणीचा नियम सैल केला नाही, आणि त्यांचे दुःख मांडताना हातही आखडता घेतला नाही. ज्यांना त्यांच्याकडून पंथाचा बचाव हवा होता आणि ज्यांना धिक्कार हवा होता, त्या दोघांचेही या पुस्तकाने समाधान झाले नसणार.

या पद्धतीची एक मर्यादाही आहे. वस्तू टिकते ती ज्याच्या घराला माळा असतो त्याची. न्यू इंग्लंडमधल्या जुन्या घराण्यांनी दोनशे-तीनशे वर्षे एकाच मुलखात राहून कपाटे, चादरी, वह्या सांभाळल्या, म्हणून उलरिक यांना ती मिळाली. ज्यांना स्वतःचे शरीरही स्वतःच्या मालकीचे नव्हते त्यांच्या वस्तू कोण जपणार? हा प्रश्न त्यांच्यानंतरच्या पिढीने हाती घेतला. आज हार्वर्डमध्येच शिकवणाऱ्या टाया माइल्स यांनी ‘ऑल दॅट शी कॅरिड’ (२०२१) हा अख्खा ग्रंथ एका सुती पोत्यावर लिहिला. दक्षिण कॅरोलायनातल्या रोझ नावाच्या गुलाम आईने आपली नऊ वर्षांची मुलगी ॲशली विकली गेली तेव्हा तिला ते दिले होते. १९२१ मध्ये ॲशलीची नात रूथ मिडलटन हिने ती हकिगत त्याच पोत्यावर दोऱ्याने भरून ठेवली. पोते पुढे २००७ साली टेनेसीतल्या जुन्या बाजारात कुणाला तरी सापडले. या मायलेकींचा शोध घेताना माइल्स यांनी ज्या कागदाचा आधार घेतला तो उलरिक यांनी आपल्या पहिल्या पुस्तकात वाचला त्याच जातीचा होता: चार्ल्सटनच्या रॉबर्ट मार्टिन या धनिकाच्या मृत्यूनंतर झालेली त्याच्या मालमत्तेची यादी. रोझ आणि ॲशली ही नावे त्या यादीत आहेत, आणि प्रत्येकीपुढे किंमत लिहिलेली आहे.